तांबड्या क्रुसाची पत

दरसाल ८ मे रोजी रेडक्रॉस दिन पाळण्यात येतो. त्या दिवशी जागतिक शांततेसाठी झटणाऱ्या थोर पुरुषांच्या नामावळीत हेन्री द्यूनां यांचेही नाव घेतले जाते, दोन भाषणे होतात, तसबिरीस हार पडतो आणि मंडळी आपापल्या घरी जातात. या गौरवास आमची हरकत नाही. परंतु ज्या चिन्हाच्या रूपाने या गृहस्थाचे कार्य जगात उरले, त्याची आमच्या पेठांतून राजरोस चाललेली विटंबना पाहता हा हार कशासाठी, असा प्रश्न आम्हांस पडतो.

द्यूनां हे कोणी साधू नव्हते, मुत्सद्दीही नव्हते. ते जिनिव्हाचे व्यापारी. अल्जीरियात त्यांनी गिरणीचा धंदा काढला होता आणि त्यास लागणाऱ्या पाण्याच्या हक्कासाठी फ्रान्सचे बादशहा तिसरे नेपोलियन यांची गाठ घ्यावयास ते इटलीत गेले. बादशहा त्या वेळी तेथे लढाईवर होते. २४ जून १८५९ रोजी सोल्फेरिनो येथे संग्राम झाला. एका दिवसात सुमारे चाळीस हजार माणसे मेली वा जायबंदी झाली. जवळच्या कास्तिल्योने गावी देवळे, घरे, गल्ल्या जखमींनी भरून गेल्या. गावात पाणी होते, अन्न होते, फडकीही होती; पण ती पोहोचविणारे हात नव्हते, म्हणून माणसे पाण्याशेजारी तहानेने मरत होती. अर्जाचे कागद बाजूस ठेवून हा पांढऱ्या पोशाखातील व्यापारी गावातील बायकांना हाताशी घेऊन जखमा धुवावयास बसला. हा आपला, हा शत्रूचा, असा भेद त्या बायकांनी केला नाही.

असे उमाळे पुष्कळांस येतात व ओसरतात. द्यूनां यांचा विशेष पुढेच आहे. त्यांनी १८६२ साली पदरमोड करून आपल्या अनुभवाच्या पुस्तकाच्या १६०० प्रती छापल्या आणि त्यांत दोन गोष्टी मागितल्या: शुश्रूषेची मंडळे शांततेच्या काळातच तयार ठेवावीत, आणि जखमी व त्यांचे सेवक यांस हात लावू नये असा करार राष्ट्रांनी करावा. १८६३ साली जिनिव्हात पाच जणांची समिती झाली. २२ ऑगस्ट १८६४ रोजी १२ राष्ट्रांनी करारावर सह्या केल्या. पांढऱ्यावर तांबडा क्रूस हे संरक्षणाचे चिन्ह ठरले. ते स्विस निशाणाचे रंग उलटवून झालेले आहे, कोणाच्या धर्माचा प्रचार त्यात नाही. तुर्कांनी त्याच कामासाठी १८७६ साली तांबडी चंद्रकोर घेतली, तिचाही मान तेवढाच आहे.

इकडे धंद्याकडे दुर्लक्ष झाले. १८६७ साली दिवाळे वाजले, समितीतून नाव गेले, गाव सुटले तो पुन्हा पाहिला नाही. पत गेलेल्या माणसास पेठ कशी वागविते हे आमच्या व्यापारी वाचकांस आम्ही काय सांगावे! हायडेन या खेड्यातील इस्पितळात ते अज्ञातवासात राहिले. १८९५ साली एका पत्रकाराने त्यांस हुडकून काढले, तेव्हा हा मनुष्य जिवंत असल्याचे जगास कळले. १९०१ साली शांततेचे पहिले नोबेल पारितोषिक फ्रेदरिक पासी यांच्यासह त्यांस विभागून मिळाले. ३० ऑक्टोबर १९१० रोजी ते निवर्तले. त्यांच्या मागे एक खाट गरिबांसाठी कायमची राखून ठेवण्यात आली.

स्वतःची पत गमावलेल्या या व्यापाऱ्याने जगास जे दिले, ती एक प्रकारची पतच होय. ते चिन्ह म्हणजे हुंडी आहे. मागे बंदूक नाही, भिंत नाही; समोरच्या शिपायाने ते ओळखावे आणि मानावे एवढाच तिचा आधार. खोट्या हुंड्या बाजारात फिरू लागल्या म्हणजे खरीही कोणी स्वीकारीत नाही. आणि आमच्याकडे काय चालले आहे? औषधांच्या दुकानांवर तांबडा क्रूस, डॉक्टरांच्या मोटारींवर तांबडा क्रूस, मलमपट्टीच्या डब्यावर तोच. आपल्या देशात १९६० चा जिनिव्हा करार कायदा आहे. सरकारच्या परवानगीवाचून हे चिन्ह वापरणारास ५०० रुपयांपर्यंत दंड त्यात सांगितला आहे. दंड किरकोळ, अंमल त्याहून किरकोळ.

कोणी म्हणेल, दुकानाच्या पाटीने कोणत्या युद्धात कोण मेले? प्रश्न वाजवी आहे. एका पाटीने कोणी मरत नाही. परंतु क्रूस म्हणजे औषधाचे दुकान, असे ज्या मुलाच्या डोळ्यांस लहानपणापासून वळण पडते, तोच उद्या शिपाई होतो. इस्पितळांवर आणि रुग्णवाहिकांवर तोफा डागल्या गेल्याच्या बातम्या आमच्या काळातही येतात. अशा वेळी त्या चिन्हाचा अर्थ स्वहस्ते पातळ करणे शहाणपणाचे नाही. युरोपात औषधविक्रेते हिरवा क्रूस लावतात व त्यांचा धंदा बुडालेला नाही. येथील औषधविक्रेत्यांच्या मंडळाने तेवढा ठराव करावा. रंगाऱ्याची एका दिवसाची मजुरी, यापलीकडे खर्च नाही. रेडक्रॉसच्या जिल्हा शाखांनीही वर्गणीच्या पावत्या फाडताना ही गोष्ट दुकानदाराच्या कानावर घालावी.

आमचे हातही कोरे नाहीत. या पत्राच्या जाहिरातींच्या पानांवर तांबड्या क्रुसाचे ठसे छापले गेले आहेत आणि आम्ही ते मुकाट्याने छापले. येत्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून तसा ठसा असलेली जाहिरात घेतली जाणार नाही. जाहिरातदारांनी आपले ठसे तत्पूर्वी बदलून पाठवावेत.