नाव पाठ, बेरीज अडली

निवृत्तीनंतर बंगळूरच्या एचएसआर लेआउटमध्ये लेकीकडे राहते. संध्याकाळी सोसायटीतली आठवीची पोरं वह्या घेऊन येतात. ‘कम्युटेटिव्ह’, ‘असोसिएटिव्ह’ ही गुणधर्मांची नावं त्यांना झोपेतून उठवलं तरी म्हणता येतात. पण ३७ + ४८ + ६३ दिलं की डावीकडून निमूटपणे हातचे घेत सुटतात. ३७ नि ६३ आधी घेतले तर चालतील का, असं एकीने चक्क विचारलं. अगं, चालतात हेच तर ते गुणधर्म सांगतात!

सत्ताविसाव्या मेन रोडवरची भाजीवाली अक्का ३५, ४० आणि ६५ रुपयांच्या भाजीत आधी ३५ नि ६५ उचलते, शंभर करते, मग चाळीस. नाव तिला कुणी विचारत नाही.

बीजगणितात हे दुखणं वाढतं. ३क्ष + ५ + ७क्ष + २ चं उत्तर एकाने १७क्ष काढलं. क्षच्या जागी १ घालून पडताळाही घेतला, दोन्हीकडे १७ आले, स्वारी खूश. मी २ घालायला लावले. एकीकडे २७, दुसरीकडे ३४. ‘सजातीय पदं एकत्र करा’ हे फर्मान त्याला पाठ होतं. पण पदांची जागा बदलता येते, हवी ती आधी जोडता येतात, म्हणूनच ती एकत्र करता येतात, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

वजाबाकीत अदलाबदल चालत नाही, एवढं मुलांच्या लक्षात असतं. १२ − ७ म्हणजे १२ मध्ये ऋण ७ मिळवणं, आणि मग क्रम खुशाल बदला, ही पुढची पायरी मात्र गाळली जाते. यावरून भास्कराचार्य आठवतात. मी चाळीसगावची. जवळच्या पाटणला १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, त्याचा. या आचार्यांच्या ‘बीजगणिता’त सुरुवातीलाच धन-ऋणांची बेरीज येते आणि ऋणाची खूण म्हणून संख्येच्या डोक्यावर टिंब असतं. चिन्ह संख्येचंच, ती जाईल तिथे तिच्याबरोबर जाणार. आमची मुलं जागा बदलताना नेमकं तेच मागे विसरतात.

‘गुणधर्माचे नाव सांगा’ हा एका गुणाचा प्रश्न परीक्षेतून काढून टाकावा, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याऐवजी ४८ − १९ + ५२ − ८१ द्यावं, कोणती पदं आधी घेतली नि का, ते लिहायला सांगावं. आणि हातच्यांसाठी कागदावर जागाच ठेवू नये.