अदृश्य संपत्तीच्या वारशाचा प्रश्न

मध्यमवर्गीय मराठी घरात कर्त्या माणसाचे दिवसकार्य आटोपले की एक ठरावीक काम सुरू होत असे. माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली जाई. तीत पासबुके, विम्याच्या पॉलिसी, पोस्टाची बचतपत्रे, घराचे खरेदीखत, गावच्या जमिनीचा सातबारा आणि जुन्या पत्रांचे जुडगे सापडे. कागद विस्कळीत असले तरी ते घरात असत, आणि मृताने मागे काय ठेवले याचा अंदाज एखाद्या जाणत्या नातलगाला त्यांवरून बांधता येई. ही पेटी आता रिकामी होत चालली आहे. बँकेचे उतारे ई-मेलने येतात, शेअर आणि म्युच्युअल फंडांचे युनिट संगणकावरील नोंदींच्या रूपात असतात, घरातील छायाचित्रे परदेशी कंपन्यांच्या भांडारात साठवलेली असतात. या सर्वांची वाट मृताच्या मोबाइलमधून जाते, आणि तो मोबाइल सहा आकड्यांच्या कुलपात बंद असतो.

या स्थितीकडे केवळ कौटुंबिक अडचण म्हणून पाहणे पुरेसे नाही. संपत्ती म्हणजे नुसती वस्तू नव्हे. तिच्यावरील हक्क आणि तो बजावता येण्याची सोय मिळून संपत्ती होते. हक्क शिल्लक आहे पण त्याचा मागमूस नाही, अशी वेळ आली की संपत्ती नष्ट होत नाही, ती बेवारस होते. दहा वर्षे व्यवहार न झालेल्या बँक ठेवी रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीत जमा करण्याची पद्धत २०१४ मध्ये सुरू झाली. फेब्रुवारी २०२३ अखेर एकट्या सार्वजनिक क्षेत्रातील बँकांनी अशा सुमारे ३५,००० कोटी रुपयांच्या ठेवी रिझर्व्ह बँकेकडे वर्ग केल्या होत्या. त्या शोधता याव्यात म्हणून त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळ सुरू करावे लागले. या ठेवी किमान दहा वर्षे निश्चल होत्या. म्हणजे त्या पासबुकांच्या जमान्यातील होत्या. पासबुक घरात असतानाही एवढा पैसा वारसांच्या दृष्टीआड होत असेल, तर पासबुकच नसलेल्या पिढीच्या बाबतीत काय होईल, हे सांगण्यास ज्योतिषाची गरज नाही.

या अदृश्य मालमत्तेचे तीन प्रकार स्पष्टपणे वेगळे केले पाहिजेत. पहिला प्रकार पैशाचा: बँक खाती, रोखे, विमा, आभासी चलन. दुसरा आठवणींचा: पत्रव्यवहार, छायाचित्रे, लेखन. तिसरा प्रकार फसवा आहे. विकत घेतले असे वाटणारे संगणकीय पुस्तक किंवा चित्रपट ग्राहकाच्या मालकीचा बहुधा नसतोच. तो केवळ वापराचा परवाना असतो आणि बहुतेक करारांनुसार तो ग्राहकाबरोबरच संपतो. आजोबांचा ग्रंथसंग्रह नातवाकडे येतो; आजोबांचा असा परवाना येत नाही. मालकीचे भाडेपट्ट्यात झालेले हे रूपांतर ग्राहकांच्या फारसे ध्यानात आलेले नाही.

कायदा या बाबतीत कोठे उभा आहे? भारतीय वारसा अधिनियम १९२५ चा, हिंदू वारसा अधिनियम १९५६ चा. महाराष्ट्रात दिवाणी न्यायालयातून मिळणारा वारस दाखला तर १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनच्या आधारे दिला जातो. मृताच्या ई-मेलवर किंवा साठवलेल्या छायाचित्रांवर कोणाचा हक्क, हे सांगणारी स्वतंत्र तरतूद आपल्या वारसा कायद्यात नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याने संगणकीय दस्तऐवजाला मान्यता दिली. पण मृत्युपत्र त्यातून स्पष्टपणे वगळले. त्यामुळे सारी मालमत्ता पडद्यावर असली तरी तिची शेवटची व्यवस्था कागदावर, सहीने आणि दोन साक्षीदारांसमोर करावी लागते. सरकारची तत्परता मात्र दुसऱ्या बाजूला दिसते. २०२२ च्या वित्त अधिनियमाने आभासी मालमत्तेची व्याख्या केली आणि तिच्या नफ्यावर तीस टक्के कर बसवला. कर घेण्यापुरती जी मालमत्ता सरकारला दिसते, ती वारसांना दिसावी यासाठी मात्र काहीच झालेले नाही.

नामनिर्देशन केले की प्रश्न सुटला, असा सार्वत्रिक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. नामनिर्देशित व्यक्ती ही रक्कम स्वीकारणारी विश्वस्त असते, मालक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या संदर्भात डिसेंबर १९८३ मध्ये सांगितले आणि शेअरच्या संदर्भात डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा सांगितले. नामनिर्देशनाने बँकेचे दार उघडते. आतील पैशाचा मालक कोण, हे वारसा कायदा किंवा मृत्युपत्र ठरवते. तरीही दार उघडणे ही लहान गोष्ट नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवीसाठी चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते. शिवाय आवश्यक कागदपत्रे मिळाल्यापासून पंधरा दिवसांत मृताच्या खात्याचा दावा निकाली काढण्याचा दंडक रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये घालून दिला. अर्थात, खाते कोणत्या बँकेत आहे हे ठाऊक असेल तरच दावा करता येईल.

आठवणींच्या मालमत्तेला नामनिर्देशनाचा असा आधारही नाही. तेथे कंपनीची अट हाच कायदा. गुगलने २०१३ मध्ये निष्क्रिय खात्याच्या व्यवस्थेची सोय केली. ठरवलेल्या मुदतीत खाते वापरले गेले नाही तर खातेदाराने नेमलेल्या माणसांना निवडक सामग्री मिळते. फेसबुकने २०१५ मध्ये वारस-संपर्क नेमण्याची मुभा दिली, पण त्या व्यक्तीला मृताचे खासगी संदेश वाचता येत नाहीत. अ‍ॅपलची तशीच योजना २०२१ मध्ये आली. तीत साठवलेले पासवर्ड आणि विकत घेतलेली गाणी-चित्रपट वगळले आहेत. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती सामग्रीसह काढून टाकण्याचे धोरण गुगलने २०२३ मध्ये जाहीर केले. ज्या घराला या सोयीची माहिती नाही, त्या घरातील दिवंगत आईची छायाचित्रे कोणाचाही वाईट हेतू नसताना, निव्वळ नियमानुसार पुसली जाऊ शकतात.

कंपनीचा करार श्रेष्ठ की वारसा कायदा, हा वाद जर्मनीत तडीला गेला. बर्लिनमध्ये २०१२ साली भुयारी रेल्वेखाली सापडून पंधरा वर्षांची एक मुलगी मरण पावली. तो अपघात होता की आत्महत्या, हे कळावे म्हणून आईवडिलांनी तिचे फेसबुक खाते पाहू देण्याची मागणी केली. कंपनीने नकार दिला. एका न्यायालयाने पालकांच्या बाजूने, त्यावरील न्यायालयाने विरुद्ध निर्णय दिला. अखेर १२ जुलै २०१८ रोजी तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने पालकांचा हक्क मान्य केला. पत्रे आणि रोजनिशी जशी वारसांकडे जाते, तसेच हे खातेही जाते, असा त्यामागील विचार होता. अमेरिकेत २०१५ च्या आदर्श कायद्याने निराळी वाट धरली. कंपनीने दिलेल्या सोयीतून खातेदाराने निवड केली असेल तर ती मृत्युपत्राहूनही वरचढ; निवड नसेल तर मृत्युपत्र; तेही नसेल तर कंपनीच्या अटी.

या दोन मार्गांत निवड करताना एक रास्त शंका विचारात घेतली पाहिजे. प्रत्येक पत्राला दोन टोके असतात. मृताला विश्वासाने लिहिणारा मित्र जिवंत असतो आणि त्याची गुपिते तिसऱ्याच्या हाती पडावीत अशी त्याची इच्छा नसते. शिवाय घरच्यांपासूनही काही राखून ठेवण्याचा अधिकार माणसाला असतो. तो त्याच्याबरोबर संपावा का? ही शंका खरी आहे. परंतु पत्रांच्या जुडग्याबाबतही ती तितकीच खरी होती, आणि तरी ते जुडगे कारखानदाराच्या गोदामात अडकवून ठेवण्याचा अधिकार पेटी बनवणाऱ्याला कोणी दिला नव्हता. म्हणून निर्णय मृताने हयातीत करावा आणि कायद्याने तो पाळावयास लावावा, हाच न्याय्य मार्ग होय.

त्या दिशेने आपल्याकडे एक पाऊल पडले आहे. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाच्या कलम १४ ने मृत्यू किंवा असमर्थता आल्यास आपले हक्क बजावण्यासाठी दुसऱ्या व्यक्तीला नेमण्याचा अधिकार दिला. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. पण या कलमाच्या अंमलाला त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे. शिवाय हे हक्क माहिती मिळवणे, दुरुस्त करणे, पुसून टाकणे अशा स्वरूपाचे आहेत. पुसण्याचा अधिकार म्हणजे वारसा नव्हे. छायाचित्रे व लेखन वारसांच्या हाती द्यावे, असे हे कलम म्हणत नाही. ही उणीव वारसा कायद्यातच दुरुस्ती करून भरून काढावी लागेल, आणि परदेशी कंपन्यांनाही ती बंधनकारक करावी लागेल.

तोवर घराघरांत करण्यासारखे बरेच आहे आणि त्याला वकिलाची फी लागत नाही. खाती, गुंतवणुका, विमा आणि कर्जे यांची यादी वहीत लिहून ती घरातील एका विश्वासू माणसाला दाखवून ठेवावी. पासवर्ड मृत्युपत्रात लिहू नयेत, कारण तो कागद पुढे अनेकांच्या हातांतून जातो. ते वेगळ्या बंद पाकिटात असावेत. मृताचा मोबाइल क्रमांक बंद करण्याची घाई करू नये. बंद झालेला क्रमांक नव्वद दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, आणि कित्येक खात्यांचे एकवेळचे सांकेतिक अंक त्याच क्रमांकावर येत असतात. मात्र तो मोबाइल हाती आहे म्हणून मृताच्या खात्यातून परस्पर पैसे काढणे हा मार्ग नव्हे. त्यातून सहवारसांत कज्जे उभे राहतात. पैशासाठी बँकेकडे रीतसर दावाच करावा.

मृत्यूविषयी बोलणे आपल्याकडे अशुभ मानले जाते. पण जुन्या काळचा गृहस्थ मृत्यूविषयी न बोलताही पेटीची किल्ली कोठे आहे, हे पत्नीला सांगून ठेवत असे. पेटी गेली, तरी किल्ली सांगून ठेवण्याचे कर्तव्य गेलेले नाही.