आरोग्यचर्चा : वार खाली असेल तर

सातव्या महिन्यात आपल्याकडे डोहाळजेवण होते आणि पुढे लेक बाळंतपणासाठी माहेरी येते. चेन्नईकडेही याच सुमारास वळैकाप्पु, म्हणजे गर्भिणीला बांगड्या भरण्याचा समारंभ होतो व ती आईच्या घरी जाते. दोन्हीकडील रीत मायेचीच आहे. परंतु गर्भारपणातील एक धोका नेमका याच दिवसांत प्रकट होतो. यास्तव प्रवासाची तयारी करण्यापूर्वी त्याची माहिती घरातील वडीलधाऱ्यांना असणे अगत्याचे आहे.

वार सामान्यतः गर्भाशयाच्या वरच्या भागात चिकटलेली असते. सुमारे दोनशे गर्भिणींपैकी एकीच्या बाबतीत ती खाली, गर्भाशयाच्या मुखावर असते. यालाच डॉक्टर ‘प्लासेंटा प्रीव्हिया’ म्हणतात. पूर्वी सिझेरियन झालेले असल्यास, बाळंतपणे अनेक झाली असल्यास, वय पस्तिशीपुढे असल्यास किंवा जुळे असल्यास हा संभव वाढतो. अखेरच्या तीन महिन्यांत गर्भाशयाचा खालचा भाग ताणला जातो, वारेची पकड सुटते आणि लालभडक रक्त जाऊ लागते. पोटात मात्र बहुधा कळ नसते, आणि हेच लक्षण फसवे आहे. पहिला रक्तस्राव पुष्कळदा थोडा असतो व आपोआप थांबतो. ‘दुखत नाही, थांबलेही आहे’ असे म्हणून घरीच राहिल्यास दुसरा स्राव प्राणावर बेतू शकतो.

चेन्नईच्या एग्मोर भागातील सरकारी स्त्री व बाल रुग्णालय १८४४ साली स्थापन झाले. तेथील प्रख्यात प्रसूतितज्ज्ञ डॉ. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या प्रसूतिशास्त्रावरील ग्रंथातून भारतातील अनेक पिढ्यांचे डॉक्टर शिकले. त्या काळी वार खाली आहे असे समजताच प्रसूती उरकण्याकडे कल असे. त्यामुळे अपुऱ्या दिवसांची कित्येक बालके दगावत. १९४५ मध्ये बेलफास्टच्या डॉ. मॅकाफी यांनी निराळा मार्ग दाखविला : माता स्थिर असेल तर तिला रुग्णालयात ठेवावे, रक्त तयार असावे आणि गर्भ पक्व होईपर्यंत थांबावे. आजच्या उपचाराचा पाया हाच आहे.

आता अल्ट्रासाउंडने वारेची जागा आधीच कळते. पाचव्या महिन्यात वार खाली दिसली तरी घाबरू नये. गर्भाशय वाढते तशी ती बहुतेकींच्या बाबतीत वर सरकते. बत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा तपासणी मात्र चुकवू नये. तेव्हाही वार मुखावरच असेल तर सिझेरियन हाच सुरक्षित मार्ग होय. रक्तस्राव नसल्यास ते बहुधा ३६ ते ३७ आठवड्यांच्या दरम्यान करतात. वारेची कड मुखापासून दोन सेंटिमीटरहून दूर असल्यास नैसर्गिक प्रसूती बहुधा शक्य असते. मुदतीपूर्वीच प्रसूतीची वेळ येईलसे वाटल्यास बाळाची फुप्फुसे बळकट व्हावीत म्हणून मातेला इंजेक्शने देतात. स्राव अनावर झाला तर दिवस न मोजता तत्काळ शस्त्रक्रिया करावी लागते. पूर्वीच्या सिझेरियनच्या व्रणात वार रुतलेली असल्यास गर्भाशय काढावे लागण्याचाही प्रसंग येतो. म्हणून अशी प्रसूती मोठ्या रुग्णालयातच व्हावी.

घरच्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. वार खाली असल्याचे कळल्यावर लांबचा प्रवास, जड कामे व पतिपत्नीसंबंध टाळावेत. लोहाच्या गोळ्या नियमित घ्याव्यात, कारण अंगात रक्त कमी असलेल्या स्त्रीला थोडा स्रावही सोसत नाही. रक्तगट लिहून ठेवावा व रक्तदाते आधीच ठरवावेत. रक्त दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. सुईणीने किंवा अन्य कोणीही आतून तपासणी करू नये. सरकारी रुग्णालयात सिझेरियन, रक्त व वाहन ही व्यवस्था जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून विनामूल्य आहे.

माहेर कोठे आहे, यापेक्षा रक्तपेढी व शस्त्रक्रियेची सोय किती दूर आहे, हा प्रश्न अशा वेळी मोठा ठरतो. लेक माहेरी येऊ शकत नसेल तर आईनेच तिच्याकडे जावे. मायेची रीत त्यानेही पाळली जाते.