माफ झालेल्या कर्जाचे हप्ते

परदेशात स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींपैकी अनेकांच्या डोक्यावर एक कर्ज असते. ते क्रेडिट रिपोर्टवर दिसत नाही. आईच्या शेवटच्या आजारपणात जवळ नव्हतो, वडिलांच्या अंत्यविधीला वेळेवर पोहोचलो नाही, सगळा भार धाकट्या भावावर पडला, मुलांना आजी-आजोबांचा सहवास मिळाला नाही. मनातल्या मनात आपण याचे हप्ते फेडत असतो आणि मुद्दल मात्र तेवढेच राहते. आरोग्य आणि अर्थविषयक पानांत हा विषय मुद्दाम घेतला आहे, कारण या बोचणीपायी माणसाची झोपही जाते आणि पैसाही.

अपराधीपणातून होणाऱ्या खर्चाला 'पुरे' हा शब्द माहीत नसतो. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी आई-वडिलांसाठी पुण्यात लिफ्ट असलेला फ्लॅट घेतला. त्या दोघांनी जुना वाडा आणि शेजार सोडला नाही. फ्लॅट कुलूपबंद राहिला. वडील वारल्यावर याच गृहस्थांनी निवृत्तीच्या ४०१(के) खात्यातून पैसे काढून गावी मोठी देणगी दिली. साडेएकोणसाठ वर्षांच्या आत असे पैसे काढले तर काही अपवाद वगळता आयकराखेरीज १० टक्के दंड बसतो. दानाबद्दल माझी तक्रार नाही, पण एवढे करूनही त्यांच्या मनाला स्वस्थता लाभली नाही.

आपल्या मंडळात सर्व श्रद्धांचे लोक आहेत आणि कोणाला धर्म शिकवण्याचा माझा हेतू नाही. मी मराठी ख्रिस्ती आहे. या बाबतीत माझ्या धर्माने मला जे दिले, ते इतरांनाही विचार करण्याजोगे वाटेल म्हणून लिहितो आहे.

ऋण ही कल्पना मराठी माणसाला नवी नाही. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण आपण लहानपणापासून ऐकतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रभू येशूने शिकवलेली प्रार्थना आहे. तिच्या मराठी भाषांतरातही क्षमा मागताना 'ऋण' हाच शब्द येतो. पाप म्हणजे फेडायचे राहिलेले देणे, आणि क्षमा म्हणजे धनकोने स्वतःहून सोडलेले देणे.

याच शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात एका चाकराचा दृष्टांत आहे. त्याच्यावर राजाचे दहा हजार टॅलेंट कर्ज असते. एक टॅलेंट म्हणजे सुमारे सहा हजार देनारी, आणि एक देनारी म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. वर्षाला तीनशे दिवस काम धरले तर हे कर्ज दोन लाख वर्षांच्या मजुरीएवढे होते! तरीही चाकर पाया पडून मुदत मागतो आणि सगळे फेडीन म्हणतो. राजा मुदत देत नाही, सगळे कर्जच सोडून देतो. चाकर बाहेर येतो आणि शंभर देनारी देणे असलेल्या सोबत्याचा गळा धरतो.

हा चाकर कृतघ्न होता, असे सहसा सांगितले जाते. मला वाटते, कर्ज सुटले यावर त्याचा विश्वासच बसला नव्हता. मनातून तो अजून हप्त्यांची जुळवाजुळव करत होता, म्हणून शंभर देनारींसाठीही हमरीतुमरीवर आला. आपल्या घरांतही हेच दिसते. जो स्वतःला क्षमा करत नाही तो मुलाच्या 'बी' ग्रेडला क्षमा करत नाही, बायकोच्या विसराळूपणाला करत नाही आणि भारतातल्या भावाच्या चार शब्दांनाही करत नाही. आतला सावकार शेवटी घरच्यांकडूनच वसुली करतो.

केवळ ख्रिस्ती झाल्याने हा सावकार जातो असेही नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. पुढे १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी म्हटले आहे की, त्यानंतरची आठ वर्षे त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. रमाबाईंसारख्या विदुषीलाही, क्षमा ही मिळवायची वस्तू नसून स्वीकारायची आहे, हे उमगायला इतका काळ लागला. मग तुमच्या-आमच्यासारख्यांना वेळ लागला तर नवल नाही.

"एवढी स्वस्त क्षमा मिळाली तर माणूस निर्ढावेल," असा आक्षेप मी पुष्कळदा ऐकतो. त्याला लूकच्या शुभवर्तमानातील जक्कयाचे उदाहरण पुरेसे आहे. तो जकातदार, आणि श्रीमंत. येशू त्याच्याकडे आपण होऊन पाहुणा म्हणून जातो, कोणतीही अट घालत नाही. त्यानंतर जक्कय अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे कबूल करतो आणि ज्यांना फसवले त्यांना चौपट परत द्यायला तयार होतो. आधी स्वीकार आणि मग भरपाई, असा हा क्रम आहे. आपण तो उलटा धरतो. आधी सगळे फेडू आणि मग स्वतःला माणसांत धरू, असे म्हणतो. तो दिवस येत नाही.

व्यवहारात काय करावे? एका कागदावर दोन रकाने पाडा. पहिल्यात आपल्या हातून कोणावर खरोखर झालेला अन्याय लिहा: बोललेला कठोर शब्द, बुडवलेले पैसे, मोडलेले वचन. दुसऱ्यात जे घडले पण आपल्या हातात नव्हते ते लिहा: व्हिसाची अडचण, न मिळालेले विमान, दोन देशांतले अंतर. पहिल्या रकान्यासाठी त्या माणसाची क्षमा मागावी, भरपाई शक्य असेल ती करावी, देवापुढे ती गोष्ट नाव घेऊन सांगावी आणि तिथेच ठेवून यावी. दुसऱ्या रकान्याला क्षमेची गरज नाही. ते दुःख आहे. त्यासाठी मोकळेपणाने रडावे, आठवणी काढाव्यात.

मन बोलू लागले की त्याला विचारावे, "माझ्याकडून नेमके काय हवे?" सदसद्विवेकबुद्धी नेमके काम सांगते: भावाला फोन कर, चुलत्यांचे पैसे परत दे. सावकार काम सांगत नाही, "तू मुळातच वाईट" एवढेच घोकत राहतो. हा आवाज देवाचा समजून त्याच्यापुढे मान तुकवू नये.

एक गोष्ट आमच्या चर्चमधल्या मंडळींनाही सांगायची आहे. इंग्रज कवी विल्यम कूपर (१७३१–१८००) यांनी आजही गायली जाणारी भक्तिगीते लिहिली, आणि तरीही देवाने आपल्याला टाकले आहे या विचाराने ते अनेक वर्षे खचलेले होते. त्यांची श्रद्धा कमी पडली असे कोण म्हणेल? अवाजवी अपराधीपणा हे नैराश्याच्या आजाराचे एक मान्य लक्षण आहे. उदास मन, उडालेली झोप, कशातही न उरलेला रस यांसोबत तो दोन आठवडे जवळजवळ रोज टिकला, तर डॉक्टरांना भेटावे. अशा माणसाला "विश्वास वाढवा, प्रार्थना करा" एवढेच सांगून वाटेला लावणे हा त्याच्यावर अन्याय आहे. प्रार्थना करावी आणि त्याला दवाखान्यात घेऊनही जावे. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर अमेरिकेत २०२२ पासून ९८८ हा नंबर आहे. त्यावर चोवीस तास फोन किंवा मेसेज करता येतो.

आणि रविवारी गावी फोन कराल तेव्हा पुन्हा "मी येऊ शकलो नाही हो" म्हणून सुरुवात करू नका. पलीकडच्या माणसाने ते कधीच सोडून दिलेले असते. त्याच्या गुडघ्यांची चौकशी करा, पाऊस कसा आहे ते विचारा, आणि त्याचे बोलणे संपेपर्यंत ऐका.