वैमानिक चुकला, मग पुढे?

९ ऑगस्ट २०२४ रोजी ब्राझीलमधील विन्येदो या गावावर एक प्रवासी विमान गरगरत खाली आले. पुढे जाण्याचा वेग त्याला जणू उरलाच नव्हता. वाळलेले पान फिरत फिरत खाली यावे तसे ते आले आणि घरांच्या वस्तीत पडून जळाले. आतील ६२ माणसांपैकी एकही वाचले नाही. हे विमान एटीआर-७२ जातीचे, दोन इंजिनांचे व प्रोपेलरचे होते. आपल्या देशातही अलायन्स एअर आणि इंडिगो या कंपन्या लहान शहरांसाठी एटीआर विमाने वापरतात. तेव्हा ‘असली विमाने बंद का करीत नाहीत?’ असे कोणी विचारले तर त्यात नवल नाही.

अशा प्रसंगी दोन उत्तरे ठरलेली असतात. एक, विमानच वाईट. दुसरे, वैमानिकाची चूक. पहिले उत्तर घाईचे आहे, पण मला अधिक खटकते ते दुसरे. कारण ते पुष्कळदा खरे असते, आणि खरे असल्यामुळेच पुढचे प्रश्न विचारण्याची कोणाला गरज वाटत नाही.

आधी पहिल्या उत्तराचा समाचार घेऊ. एटीआर हे फ्रान्स आणि इटली या देशांतील कारखानदारांचे संयुक्त अपत्य. १९८४ मध्ये त्यांचे एटीआर-४२ आणि १९८८ मध्ये एटीआर-७२ हे विमान प्रथम उडाले. हे आकडे साधारणपणे आसनांची संख्या सांगतात. अशा विमानाला टर्बोप्रॉप म्हणतात. त्याच्या इंजिनात जेट विमानाप्रमाणेच टर्बाइन असते, पण तप्त वायूंचा झोत मागे फेकून विमान पुढे ढकलण्याऐवजी बहुतेक सर्व शक्ती दंतचक्रांच्या द्वारे प्रोपेलर फिरविण्यासाठी वापरली जाते. ताशी ५०० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाला ही रीत काटकसरीची ठरते, आणि धावपट्टीही आखूड पुरते. अशी दीड हजारांहून अधिक विमाने जगभरच्या कंपन्यांनी विकत घेतली. आता एखाद्या वाडीपेक्षा पुणे शहरात सायकलींचे अपघात जास्त होतात. म्हणून पुण्याच्या सायकली वाईट असे कोणी म्हणत नाही. एकूण उड्डाणे किती झाली हे न पाहता नुसते अपघात मोजणे हा तसाच प्रकार आहे. शिवाय ही विमाने लहान पल्ल्यांवर दिवसातून अनेकदा चढतात-उतरतात, डोंगराळ मुलखातही जातात. आणि उड्डाणातला धोका मुख्यतः चढण्या-उतरण्यातच असतो.

तरीही विमानाचा काहीच दोष नाही असे म्हणता येत नाही. एटीआरच्या इतिहासात एक शत्रू पुनःपुन्हा भेटतो, तो म्हणजे बर्फ.

पाणी शून्य अंश सेल्सिअसला गोठते असे आपण शिकतो. ढगातले बारीक थेंब मात्र शून्याखाली दहा-पंधरा अंशांपर्यंतही पातळ राहू शकतात. यांना अतिशीत थेंब म्हणतात. त्यांना गोठायला फक्त निमित्त हवे असते आणि विमानाचा पंख ते निमित्त पुरवितो. थेंब पंखाच्या पुढच्या कडेवर आपटतो आणि तेथेच त्याचा बर्फ होतो. पंखाची उचल त्याच्या आकारावर अवलंबून असते. कडेवर खडबडीत बर्फ साचला की आकार बदलतो, वरून जाणारा हवेचा प्रवाह पंखाला धरून राहत नाही आणि उचल घटते. जेट विमाने हा ढगांचा थर लवकर ओलांडून दहा-अकरा किलोमीटर उंचीवर जातात. टर्बोप्रॉपची धाव साडेसात किलोमीटरपर्यंतच. म्हणजे जेथे असे ढग असतात त्याच थरात त्याचा बराचसा प्रवास होतो. मोठ्या जेट इंजिनातून गरम हवा काढून ती पंखाच्या कडेत खेळविता येते. टर्बोप्रॉपच्या लहान इंजिनाला एवढी हवा देणे परवडत नाही. म्हणून त्याच्या पंखाच्या कडेवर रबरी पट्टे बसवितात. ते मधूनमधून हवेने फुगतात व वरचा बर्फ फोडून टाकतात. युक्ती साधी व चांगली आहे, पण पट्टा जेथे संपतो तेथे तिचे राज्यही संपते.

१५ ऑक्टोबर १९८७ रोजी इटलीत कोमो सरोवराजवळच्या डोंगरात एक एटीआर-४२ कोसळले. ३७ माणसे मेली. विमान बर्फाळ ढगातून कमी वेगाने चढत होते. पुढच्याच वर्षी अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यावर अशाच हवेत एक एटीआर-४२ एकाएकी कलंडले, ते सावरले. मग ३१ ऑक्टोबर १९९४ उजाडला. इंडियानापोलिसहून शिकागोला निघालेल्या एटीआर-७२ ला पुढे गर्दी असल्यामुळे आकाशातच घिरट्या घालण्यास सांगण्यात आले. अर्ध्या तासाहून अधिक काळ ते थंड, ओल्या ढगात फिरत राहिले. स्वयंचलित चालक चालू होता. विमान खाली उतरू लागले, फ्लॅप आत घेतले गेले आणि अचानक उजवा पंख खाली गेला. विमान उलटेपालटे होत इंडियाना राज्यात रोझलॉन गावाजवळ सोयाबीनच्या शेतात पडले. ६८ जण गेले.

या वेळी तपास करणाऱ्यांनी कारण मुळापासून शोधले. त्या दिवशी ढगात रिमझिमीएवढे मोठे अतिशीत थेंब होते. लहान थेंब कडेवर आपटताच गोठतो. मोठा थेंब पूर्ण गोठण्याआधी थोडा मागे ओघळतो. त्यामुळे रबरी पट्ट्याच्या मागे, जेथे बर्फ फोडण्याची सोयच नाही, तेथे बर्फाचा बांध तयार झाला. पाणी फवारणाऱ्या एका लष्करी विमानामागून एटीआर उडवून हा बांध प्रत्यक्ष पाहण्यात आला. बांधामागे हवेचा प्रवाह पंख सोडून उसळला. पंखाच्या मागच्या कडेला, विमान डावी-उजवीकडे कलविणारी एक फळी असते. ती वरच्या कमी दाबाने आपोआप वर ओढली गेली. एटीआरमध्ये ही फळी वैमानिक तारांच्या साहाय्याने स्वतःच्या हाताच्या बळावर हलवितो. म्हणजे हवेचा तो हिसका सरळ त्याच्या हातात आला. स्वयंचलित चालकाने तर हात टेकून विमान सोडूनच दिले.

आता प्रश्न असा, की विमानाला परवाना देताना हे कसे दिसले नाही? बर्फाच्या चाचण्यांसाठी ठरलेल्या नियमांत थेंबांचा आकार साधारण ५० मायक्रॉनपर्यंत, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा धरला होता. रोझलॉनचे थेंब त्याहून कित्येक पट मोठे होते. विमान परीक्षेत उत्तीर्ण होते, पण परीक्षेत तो धडाच नव्हता! एटीआरच्या पंखांवरचे पट्टे पुढे रुंद करण्यात आले, वैमानिकांना नव्या सूचना मिळाल्या. परंतु मोठ्या थेंबांचा समावेश असलेला नवा नियम अमेरिकेत २०१४ मध्ये आला. निसर्गाने १९९४ मध्ये दाखविलेली गोष्ट कागदावर उतरायला वीस वर्षे लागली! संशोधनाला वेळ लागतो हे मान्य आहे, पण वीस वर्षांचे समर्थन मी तरी करणार नाही. अपघाताच्या कारणांवरूनही अमेरिकी मंडळ आणि फ्रेंच अधिकारी यांच्यात वाद झाला. फ्रेंचांचा भर वैमानिकांच्या वागण्यावर होता. विमान फ्रेंच असल्याने हे अपेक्षितच होते, असे कोणी म्हणेल, असो.

विन्येदोच्या प्राथमिक अहवालातही बर्फ आहे. बर्फ फोडणारी यंत्रणा अनेकदा चालू आणि बंद झाली. तिच्यात बिघाड असल्याचे वैमानिकांच्या संभाषणात आले. पुष्कळ बर्फ जमल्याचे सहवैमानिक बोलला. वेग वाढवा अशी सूचनाही यंत्रणेने दिली होती. एवढे कळल्यावर ‘निष्काळजी माणसे’ म्हणून पान उलटणे सोपे आहे. पण ज्यांचा स्वतःचा जीव त्या विमानात आहे ती माणसे सूचना समोर असताना वेग का वाढवीत नाहीत? त्यांना ती दिसली नाही, की असल्या सूचना रोज पाहून डोळ्यांना त्यांची सवय झाली होती? खरा तपास येथून सुरू व्हायला हवा.

बर्फ सोडून दिला तरी हेच दिसते. ६ ऑगस्ट २००५ रोजी इटलीतील बारीहून ट्युनिशियातील जेर्बाकडे निघालेल्या एटीआर-७२ ची दोन्ही इंजिने समुद्रावर बंद पडली. इंधन संपले होते! मापक मात्र सुमारे १८०० किलो इंधन दाखवीत होते. आदल्या दिवशी बिघडलेले मापक बदलले होते आणि नव्या मापकाच्या जागी चुकून एटीआर-४२ चे मापक बसले होते. लहान विमानाच्या टाक्यांचे गणित मोठ्या विमानाला लावल्यावर दुसरे काय होणार? सुट्या भागांच्या नोंदीत गोंधळ होता. दोन्ही मापके दिसायला सारखी, आणि मुख्य म्हणजे एकाच खाचेत सहज बसणारी. इंधन भरल्याची पावती मिळत नाही हे कप्तानाच्या लक्षात आले होते, पण त्याने ती बाब तेथेच सोडली. इंजिने बंद पडल्यावर मापकावर विश्वास ठेवून वैमानिक ती पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करीत राहिले. त्या नादात प्रोपेलरची पाती वाऱ्याला कड दाखवतील अशी वळवायची राहिली. तशी वळविली असती तर हवेचा अडथळा कमी होऊन विमान आणखी पुढे तरंगत गेले असते. ते सिसिलीजवळ समुद्रात उतरले आणि ३९ पैकी १६ जण मेले. पुढे इटलीतील न्यायालयाने वैमानिकांनाही तुरुंगवास सुनावला.

तुमच्या घरातील तीन खिळ्यांचा प्लग पाहा. त्याचा एक खिळा जाड आणि लांब असतो, म्हणून तो उलटा बसतच नाही. घरातल्या दिव्यासाठी आपण जी काळजी घेतो, ती ३९ माणसे वाहून नेणाऱ्या यंत्रात घेतलेली नव्हती. चुकीचे मापक बसूच नये अशी खाच करा, असे तपास करणाऱ्यांनी नंतर सुचविले.

नेपाळमधील पोखरा येथे १५ जानेवारी २०२३ रोजी झालेला अपघात याहूनही बोलका आहे. नवा विमानतळ उघडून जेमतेम दोन आठवडे झाले होते. उतरताना फ्लॅप आणखी खाली करायचे होते. विमान चालविणाऱ्या वैमानिकाच्या शेजारी बसलेल्याने दांडा ओढला, पण तो फ्लॅपचा नव्हता. त्याच्या शेजारचे, प्रोपेलरच्या पात्यांचा कोन ठरविणारे दोन्ही दांडे त्याने ओढले. पाती वाऱ्याला कड दाखवून उभी राहिली. इंजिने चालू, पण ओढ शून्य. आपट्टी पाण्यात कडेने धरून ओढा आणि मग आडवी धरून ओढा, म्हणजे फरक कळेल. पुढे शक्ती वाढविण्याचे दांडे रेटूनही उपयोग झाला नाही, आणि काय बिघडले हे कोणाच्या ध्यानात आले नाही. ७२ जण गेले. त्यांत ५ भारतीय होते. ज्याने दांडा ओढला तो नवशिका नव्हता; शिकविणाराच होता.

तैपेईजवळ ४ फेब्रुवारी २०१५ रोजी एका इंजिनाच्या यंत्रणेतील सदोष सांध्यामुळे त्याचा प्रोपेलर आपोआप निकामी झाला, आणि गडबडीत कप्तानाने दुसरे, चांगले इंजिन बंद केले. ४३ जण मेले. इंजिन बंद पडल्यावर काय करायचे याच्या परीक्षेत हा कप्तान पूर्वी एकदा नापास झाला होता, हे कंपनीला माहीत होते.

मग वैमानिकाला दोष द्यायचाच नाही काय, असे माझे शिक्षक मित्र विचारतील. नियम धाब्यावर बसविणाऱ्याला शिक्षा जरूर व्हावी. पण ते न्यायालयाचे काम आहे. अपघाताचा तपास पुढचा अपघात टाळण्यासाठी असतो, दोष वाटण्यासाठी नव्हे, असे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीच्या नियमांच्या तेराव्या परिशिष्टात स्पष्ट म्हटले आहे. शिक्षेने एक माणूस सुधारेल. दांड्यांमध्ये अंतर ठेवले, त्यांची मूठ हाताला निराळी लागेल अशी केली, तर पुढचा प्रत्येक थकलेला माणूस वाचेल. थकणे, घाई होणे, सवयीने हात चुकीकडे जाणे हे मनुष्यस्वभावाचे गुणधर्म आहेत. पाण्याने शून्याखाली पातळ राहणे जसे आपण गृहीत धरून पंख बनवतो, तसेच तेही गृहीत धरून विमान बनवायला नको काय?

हे तपासाचे अहवाल कोणालाही वाचायला मिळतात. भाषा इंग्रजी असली तरी सोपी असते. नववी-दहावीच्या मुलांना त्यांतले एखादे प्रकरण वाचायला द्यावे, आणि त्याच आठवड्यात शाळेच्या प्रयोगशाळेत नेऊन विचारावे : येथे कोणत्या दोन बाटल्या सारख्या दिसतात? कोणत्या दोन तोट्या शेजारी आहेत? कोणती तार उलटी जोडता येते? यादी करून ती भिंतीवर लावावी, आणि सुटीपूर्वी त्यांतल्या निदान दोन गोष्टी सुताराकडून किंवा रंगाच्या डब्याने दुरुस्त करून घ्याव्यात.