"सर्व्हर डाऊन" हे नशीब नव्हे

"मावशी, सर्व्हर डाऊन आहे. उद्या या."
"कालबी हेच म्हणला की रं!"

परवा एका सेवा केंद्रावर ऐकलेला हा संवाद. मावशी एका दिवसाची मजुरी बुडवून होटगीत आल्या होत्या. केंद्र चालवणाऱ्या पोराची यात चूक नाही, त्याला स्क्रीनवर नुसतं फिरणारं चक्र दिसतं. कारण विचारलं की दोनच उत्तरं येतात : "मेंटेनन्स चालू आहे" नाहीतर "तिकडं लाइट गेली."

या दोन्हींवर इलाज आहे, आणि तो नवा नाही.

एका मोठ्या सर्व्हरवर सॉफ्टवेअरने बनवलेले अनेक कॉम्प्युटर चालवता येतात. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. सर्व्हर दुरुस्तीला काढायचा असेल तर ही मशीन चालू असतानाच शेजारच्या सर्व्हरवर हलवता येतात. मेमरीतली माहिती आधी तिकडं कॉपी होते, मग क्षणभर थांबून काम तिथून पुढं सुरू. वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. आपण जंक्शनची माणसं. एका लाइनवर ब्लॉक घेतला की गाडी दुसऱ्या लाइनवरून काढतात, तसंच हे. २००३ पासून हे तंत्र बाजारात आहे, आज मोफत सॉफ्टवेअरमध्येही मिळतं.

लाइट अचानक गेली तर? यूपीएस काही मिनिटं तग धरतो, तोवर जनरेटर सुरू होतो. सर्व्हरच बंद पडला तर दुसरा सर्व्हर तेच मशीन पुन्हा चालू करतो. अट एवढीच की डेटा त्या दुसऱ्या सर्व्हरलाही मिळाला पाहिजे. यात खोळंबा होतो तो मिनिटांचा, दोन दिवसांचा नाही.

१२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली. लोकल थांबल्या, शेअर बाजार मात्र चालूच राहिला. पैशाचा प्रश्न असला की सोय होते!

दुर्लक्ष केलं तर काय होतं, ते दक्षिण कोरियात दिसलं. २६ सप्टेंबर २०२५ ला डेजॉनच्या सरकारी डेटा सेंटरमध्ये यूपीएसच्या बॅटऱ्या हलवताना आग लागली. ७०९ सरकारी यंत्रणा बंद पडल्या. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायलींचा ८५८ टेराबाइटचा साठा गेला, कारण दुसरीकडं बॅकअपच नव्हता. एवढा पुढारलेला देश, पण दुसरी जागा नसली की सगळं व्यर्थ.

कधीकधी सेवा थांबवावीच लागते, हेही खरं. पण मग तीन गोष्टी करा.

एक, नियोजित बंदची वेळ आधी जाहीर करा आणि ती रात्रीची ठेवा.
दोन, सर्व्हर जितके तास बंद, तितकी अर्जाची मुदत आपोआप वाढवा. पीक विम्यासाठी शेवटच्या दिवशी निवेदनं घेऊन पळायला लावू नका.
तीन, तोवर कागदावर अर्ज घ्या आणि पोच द्या.

केंद्रचालकांनाही एक सांगणं : लॅपटॉपसोबत राउटरही इन्व्हर्टरवर घ्या. फताटेवाडीला १३२० मेगावॅटचा वीज प्रकल्प आपल्या उशाला, आणि लाइट गेली की आपलं नेट बंद, हे बरं दिसत नाही.

आणि आपण? "सर्व्हर डाऊन" ऐकून गुपचूप घरी जाऊ नका. तारीख, वेळ, कुठलं काम अडलं ते लिहून ठेवा, इथं खाली टाका. यादी झाली की ती घेऊन तहसीलला जाऊ. मावशींच्या बुडालेल्या मजुरीचा हिशेब कुणीतरी मागायलाच हवा.