किल्लारीचे संदर्भ कोण मोजणार?

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर जिल्ह्यातली किल्लारी भूकंपाने हादरली आणि लातूरचे नाव जगभरच्या भूशास्त्रीय नियतकालिकांत गेले. स्थिर समजल्या जाणाऱ्या भूभागातही भूकंप होतो, हे सांगताना संशोधक आजही लातूरचा दाखला देतात. त्याच भूकंपानंतर 52 गावे नव्या जागी वसली. माळवदाची घरे गेली, गल्ल्यांच्या जागी आखीव रस्ते आले. या उलथापालथीवर कुणी मराठीत निबंध लिहिला, तर तो पुढे किती जणांनी वापरला, याची नोंद कुठेच होत नाही.

संदर्भ मोजायचे म्हटले की पुढे येतो तो ‘इम्पॅक्ट फॅक्टर’; त्याचे गणित साधे आहे. नियतकालिकाच्या मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा जितके संदर्भ मिळाले, त्याला त्या लेखांच्या संख्येने भागायचे. चाळीस लेख, चार संदर्भ, म्हणजे 0.1. युजीन गारफिल्ड यांनी 1955 मध्ये मांडलेल्या संदर्भसूचीच्या कल्पनेतून हा आकडा निघाला. प्रयोगशाळेतल्या विषयांना दोन वर्षे पुरत असतील; इतिहासाला नाही. हैदराबाद मुक्तिसंग्रामावरचा चाळीस वर्षांपूर्वीचा लेख 2023 च्या अमृतमहोत्सवात कुणी आधाराला घेतला, तर या गणितात त्याची भर शून्य! मानव्यविद्यांच्या नियतकालिकांना तर इम्पॅक्ट फॅक्टर जाहीर करणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीने हा आकडा द्यायला सुरुवात केली तीच 2023 मध्ये.

तरीही कित्येक नियतकालिकांच्या मुखपृष्ठावर आयएसएसएन क्रमांकाशेजारी तीन दशांश स्थळांपर्यंतचा इम्पॅक्ट फॅक्टर झळकत असतो. तो कुणी दिला, हे विचारायचे नसते. पैसे भरा, निबंध छापा, प्रमाणपत्र पदोन्नतीच्या फाइलला लावा. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) मान्य यादीतल्या 1009 नियतकालिकांची झडती घेतली; त्यांतली 88 टक्क्यांहून अधिक निकषांवर उतरली नाहीत. त्याच वर्षी यूजीसीने 4,305 नावे वगळली. पुढे यूजीसीचीच ‘केअर’ ही नवी यादी आली आणि फेब्रुवारी 2025 मध्ये तीही बंद झाली. आता नियतकालिक पारखायची जबाबदारी विद्यापीठांवर आली आहे.

म्हणजे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठावरही. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे त्याचे क्षेत्र. त्यामुळे मराठवाड्याच्या अभ्यासाची मोजणी करायला याहून योग्य जागा कुठली? मोजूच नये, असे म्हणणे ही पळवाट झाली. या चार जिल्ह्यांवरच्या पीएच.डी. प्रबंधांच्या संदर्भसूची उघडाव्यात. बरेच प्रबंध ‘शोधगंगा’ या ऑनलाइन प्रबंधसंग्रहात आहेतच. विचारवंत नरहर कुरुंदकरांचा कोणता लेख किती प्रबंधांत आला, कोणत्या मराठी नियतकालिकाचा जुना अंक पुन्हापुन्हा चाळला गेला, हे त्यातून दिसेल. मोजणीची खिडकी दोन वर्षांची नको, निदान पंचवीस वर्षांची हवी. लेखकाने स्वतःच्याच लेखाचा दिलेला संदर्भ वगळावा. एकमेकांना संदर्भ देण्याघेण्याचा व्यवहार आपल्याकडेही चालतोच.

काम कंटाळवाणे आहे. मराठी सूचींत एकाच लेखकाचे नाव तीन तऱ्हांनी लिहिलेले असते, अंक क्रमांक गायब असतो. पण ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून हे देता येईल. सुरुवातीला इतिहास आणि मराठी हे दोनच विषय घेतले तरी चालेल.